साक्ष द्यायचीच असेल, तर जातीसकट द्या

गेल्या महिन्यात वैरागला आमच्या अभ्यासवर्गात एक ताई आली. आमच्या वस्तीला लागून चार-पाच ख्रिस्ती घरे आहेत, त्यांतल्या एका घरातली. जीएनएम करून सोलापुरात एका दवाखान्यात नर्स आहे. पणजोबांच्या काळात तिचे घर ख्रिस्ती झाले, त्याआधी ते मातंग. तिच्या मंडळीचा एक गट दोन आठवड्यांसाठी केनियाला चालला आहे. तिथे सुवार्तेचे काम आहे आणि जोडीला आरोग्य शिबिर आहे. या गटात तिचे नाव आले आहे. काही फॉर्म भरायचे होते आणि एक मजकूर तपासून घ्यायचा होता, म्हणून ती आमच्याकडे आली होती.

ती गेल्यावर वर्गात पोरांची कुजबुज सुरू झाली. "ख्रिश्चनांचं आपल्याला काय करायचंय?" "फुकट विमानाचा प्रवास आहे, दुसरं काय!" "आपण बौद्ध, आपण कशाला त्यांच्या मिशनचे फॉर्म भरायचे?" त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. पण गप्प बसणे बरोबर नव्हते, म्हणून हा लेख.

आधी तिची तयारी काय चालली आहे ते ऐका. पासपोर्टसाठी सोलापूरच्या फेऱ्या झाल्या, गावात पोलीस पडताळणी झाली. केनियाला जायचे म्हणजे पिवळ्या तापाची लस लागते. ती सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. गटाच्या दर रविवारी बैठका होतात. कपडे कोणते घालायचे, कोणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, कोणाला पैसे द्यायचे नाहीत, लहान मुलांशी एकट्याने थांबायचे नाही, हे सगळे शिकवतात. स्वाहिली भाषेतली पंचवीस-तीस वाक्ये पाठ करून घेतात. खर्चासाठी प्रत्येकाने नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना पत्रे लिहायची, पैसे गोळा करायचे आणि परत आल्यावर त्या प्रत्येकाला हिशेब कळवायचा.

मित्रांनो, मनाला विचारा. आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जातो. गाडी ठरवतो, झेंडा बांधतो, निघतो. परत आल्यावर कोणाला कसला हिशेब देतो? शेजारच्या तालुक्यात अत्याचार झाला की आपण धावतो, हे आपले मोठेपण आहे. पण धावण्याआधी एफआयआर कसा वाचायचा, पीडित कुटुंबाशी काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, याची एक तरी बैठक आपण घेतली आहे का? म्हणून या ताईच्या तयारीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तिने तपासायला आणलेला मजकूर म्हणजे तिची 'साक्ष'. अशा दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटांची साक्ष तयार करावी लागते. मी आधी कोण होतो, प्रभू माझ्या आयुष्यात कसा आला, आता मी कोण आहे, असे तीन भाग. तिथल्या मंडळीपुढे उभे राहून ती सांगायची. ताईने छान लिहिले होते. घरची गरिबी, आजोबांचे दारूचे व्यसन, आईची प्रार्थना, नर्सिंगचे शिक्षण, मनाला मिळालेली शांती, सगळे होते. पण दोन पानांत 'मातंग' हा शब्द नव्हता. 'जात' हा शब्दही नव्हता.

आम्ही विचारले, "ताई, तुझ्या पणजोबांनी धर्म का बदलला?"

ती म्हणाली, "दादा, गावात पाणी मिळत नव्हतं, आणि साहेबाच्या शाळेत त्यांच्या पोराला वर्गात बसू देत होते. आजी तेच सांगायची."

"मग हे यात कुठे आहे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शिकवणारे म्हणतात, साक्ष स्वतःची असावी, समाजाची नको. आणि दादा, साक्षीचा व्हिडिओ काढतात, तो फेसबुकवर जातो."

यातली दोन्ही कारणे नीट समजून घ्यायला हवीत.

पहिले कारण शिकवणाऱ्यांचे. त्यांच्या साच्यात दुःखाला 'गरिबी' म्हणतात, नाहीतर 'अंधार' म्हणतात. गरिबी आपोआप येते, अंधारही आपोआप पडतो, त्यात कोणी गुन्हेगार नसतो. जात म्हटली की गुन्हेगार समोर येतो. आड कोणाचा होता, पाणी कोणी अडवले, शाळेच्या बाहेर कोणी बसवले, ही नावे येतात. आणि मग चर्चलाही उत्तर द्यावे लागते, की तुमच्या आत तरी जात संपली का? म्हणून तो शब्दच गाळायचा. गाळणारी माणसे वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही, साचाच तसा आहे.

दुसरे कारण व्हिडिओचे, आणि ते भीतीचे आहे. या ताईच्या कागदावर काय लिहिले आहे ते आम्ही इथे लिहिणार नाही. पण महाराष्ट्रात अशी असंख्य घरे आहेत, ज्यांचा रविवार चर्चमध्ये जातो आणि ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' असते. त्यांना खोटारडे म्हणण्याआधी कायदा बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण त्याने मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाप्तिस्मा घेतलेल्या महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणे ही संविधानाशी फसवणूक ठरवली. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरने ॲट्रॉसिटी कायद्याखाली केलेली तक्रार टिकू दिली नाही. कारण हेच, की ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जात उरत नाही.

म्हणजे बघा. गावाच्या नजरेत पणजोबा मातंगच राहिले, नातही मातंगच आहे. घर भाड्याने मागायला गेली की जात विचारतात, धर्म नाही. पण कायद्याच्या नजरेत बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात वाहून गेली. गाव मानत नाही ते कायदा मानतो! अशा स्थितीत केनियात उभे राहून खरी साक्ष दे असे त्या ताईला सांगणे सोपे आहे, पण त्या खरेपणाची किंमत तिने एकटीने मोजायची.

हा प्रश्न आमच्या डोक्यातून आलेला नाही. १९३८ च्या सुरुवातीला बाबासाहेब आपल्याच सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले होते. ते भाषण पुढे 'जनता'त छापून आले. धर्मांतरासाठी जगातल्या ज्या दोन व्यक्तिमत्त्वांचा आपण विचार करतो ती म्हणजे बुद्ध आणि ख्रिस्त, असे त्यांनी तिथे मोकळेपणाने सांगितले. आणि लगेच ख्रिस्ती समाजाचे कानही उपटले. माणूस ख्रिस्ती झाला की मिशनऱ्यांना आपले काम संपले असे वाटते, त्याच्या राजकीय हक्कांकडे कोणी बघत नाही, असे ते म्हणाले. अस्पृश्य विद्यार्थ्याने धर्म बदलला की त्याची शिष्यवृत्ती बंद होते, घरची परिस्थिती तीच राहते, आणि इतका शिकलेला ख्रिस्ती समाज याविरुद्ध तोंड उघडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की ते आपापल्या संसारात गुंततात, सार्वजनिक कामात येत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

त्या भाषणाला आता अठ्ठ्याऐंशी वर्षे होत आली. शिष्यवृत्तीच्या जागी दाखला आला, बाकी काय बदलले? तेव्हाची नर्स संसारात गुंतली होती. आजची नर्स समुद्रापार सेवेला निघाली आहे, पण स्वतःच्या जातीचे दुःख तिला घरीच ठेवून जावे लागते आहे.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, "ख्रिश्चन धर्मात जात नाही असं तेच सांगतात, मग अनुसूचित जातीच्या सवलती कशाला?" हा मुद्दा टाळण्यासारखा नाही. पण बौद्ध धम्मातही जात नाही, तरी आपण लढलो की नाही? १९५६ ला धम्म घेतला आणि केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे! महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या, पण दिल्लीच्या नोकरीत आपला बौद्ध पोरगा 'सर्वसाधारण' होता. तेव्हा आपण सांगत होतो, की धर्म बदलला म्हणून गावाने आमचा पाणवठा बदलला नाही. मग तोच युक्तिवाद शेजारच्या ख्रिस्ती घराने केला तर आपण कान का झाकायचे? "वाटा कमी होईल" हे भय खरे आहे. त्याचे उत्तर वाटा वाढवून मागणे हे आहे, भावाला दाराबाहेर ठेवणे हे नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधू नये अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर पुन्हा आयोग नेमला गेला. आंबेडकरी संघटनांनी या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेतली पाहिजे. आमची भूमिका आम्ही इथे घेतली आहे.

आता ताईच्या दौऱ्याबद्दल. आम्ही तिला "जाऊ नकोस" म्हटले नाही. पण काही प्रश्न लिहून दिले आणि सांगितले, की तयारीच्या बैठकीत हे विचार.

पहिला प्रश्न: तुम्हाला तिथे बोलावले कोणी? तिथल्या लोकांना काय हवे ते त्यांनी ठरवले, की तुमच्या गटाने इथे बसून ठरवले?

दुसरा: तू नर्स आहेस, पण तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती परवानगी काढली का? परवान्याशिवाय परक्या माणसाने आपल्या वस्तीत येऊन कोणाला इंजेक्शन दिले तर आपण चालवून घेऊ का? मग तिथल्या वस्तीत का चालावे?

तिसरा: शिबिरात ज्याला रक्तदाब निघाला, त्याच्या गोळ्या तुम्ही परतल्यावर कोण देणार? तुमच्या विमानभाड्यात तिथल्या एखाद्या नर्सला किती महिने पगार देता आला असता?

चौथा: औषधाची रांग आणि प्रार्थनेची रांग एकच असेल का? प्रार्थनेला न थांबणाऱ्याला औषध मिळेल ना? आजारी माणसाच्या गरजेचा फायदा घेऊन दिलेला कोणताही धर्म हा धर्म नव्हे, मग तो त्यांचा असो की आपला.

हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे, कारण आपली भूमी दोनशे वर्षे मिशनचे क्षेत्र राहिली आहे. अमेरिकेच्या बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या तुकडीतला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला आला. कंपनी सरकार त्याला हाकलून द्यायला निघाले होते, पण तो हटला नाही. मराठी शिकला आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने मेला. सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच त्यांचा शेवट झाला. पस्तीस वर्षे! नगरची त्यांची शाळा पाहून जोतिबांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हे आपण विसरत नाही. त्यांच्या धर्माशी आपला वाद असू शकतो, पण ही माणसे दोन आठवड्यांचे तिकीट काढून आली नव्हती. राहून, भाषा शिकून, आजार भोगून त्यांनी जे केले त्यातले थोडे टिकले. म्हणून आजच्या लहान दौऱ्यावाल्यांनी नम्र असावे. दोन आठवड्यांत कोणाचे आयुष्य बदलत नाही. फार तर आपले डोळे उघडतात, आणि तेही उघडायची तयारी असेल तर.

तयारी कशाला म्हणावे याची एक जुनी गोष्ट आपल्याकडे आहे. पूर्ण नावाच्या भिक्खूला सुनापरांतात धम्म सांगायला जायचे होते. सुनापरांत म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याकडचा मुलूख, असे मानतात. बुद्धाने त्याला विचारले, तिथले लोक कठोर आहेत, शिव्या देतील, मग काय करशील? मारतील, मग? दगड घालतील, मग? जीव घेतील, मग? प्रत्येक प्रश्नाला पूर्णाचे उत्तर होते, की यापेक्षा वाईट केले नाही म्हणून ते लोक चांगलेच, असे मी समजेन. जीव घेण्याच्या प्रश्नावरही तो डगमगला नाही. मगच बुद्धाने त्याला जायची परवानगी दिली. पूर्ण तिथे गेला, तिथल्या लोकांत राहिला आणि तिथेच त्याचा अंत झाला. सामान काय नेणार, हे बुद्धाने विचारले नव्हते. त्या लोकांविषयी तुझ्या मनात काय आहे, एवढेच तपासले होते.

ताईला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती तिच्या बैठकीत कोणी सांगितली नव्हती. इंग्रजांच्या राज्यात केनियातल्या काळ्या माणसाला 'किपांडे' बाळगावे लागे. नाव, बोटांचे ठसे, मालक कोण, सगळे लिहिलेला कागद, धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. त्याशिवाय बाहेर फिरला तर शिक्षा. आणि आपल्या पूर्वजांच्या गळ्यात पेशवाईत काय होते? मडके. थुंकी रस्त्यावर पडून रस्ता बाटू नये म्हणून! ताई, ज्यांच्या आजोबांच्या गळ्यात ती डबी होती, त्यांच्यापुढे तू उभी राहणार आहेस. त्यांना "मी गरीब होते" म्हणालीस तर ते तुला सहानुभूती देतील. "माझ्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते" म्हणालीस तर ते तुला आपली समजतील. मग तू तिथे देणारी आणि ते घेणारे राहणार नाहीत. दोघे एका रांगेत बसाल.

जात समुद्रापार नेऊन टेबलावर ठेवायची परंपरा आपलीच आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले आणि ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथे भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. परदेशात गेलो म्हणून त्यांनी जात झाकली नाही. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत भारत सरकारचा विरोध असतानाही दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला. डर्बन आफ्रिकेतच आहे. ताईने केनियात तेच करावे, तीन मिनिटांत का होईना.

आता शेवटी आपल्याकडे वळू, नाहीतर हा लेख दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यापुरता राहील. १९५० मध्ये बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य यावर लेख लिहिला. त्यात भिक्खू संघावर त्यांनी कडक टीका केली आहे. संघात विद्वत्ताही नाही आणि सेवाही नाही, थोडे पण शिकलेले भिक्खू हवेत, आणि ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून, शिक्षण आणि वैद्यकीय सेवेचा धडा घ्यावा, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्या बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या चुकांवर पाने भरून लिहिले, त्यांनीच त्यांची सेवा आपल्याला नमुना म्हणून दाखवली. टीका आणि शिकणे एकत्र चालते, हे आपण त्यांच्याकडून घ्यायचे आहे.

म्हणून आमच्या वर्गाने एक ठरवले आहे. येत्या उन्हाळ्यात पाच-सहा जणांनी पंधरा दिवस बार्शी तालुक्यातल्याच एका गावात राहायचे. परदेश नको, विमान नको. पण तयारी मात्र त्या ताईच्या गटासारखी. आधी तीन महिने बैठका. त्या गावातल्या बायाबापड्यांना विचारून काम ठरवायचे. शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले, रमाई घरकुलाची अडलेली प्रकरणे, रात्रीचा अभ्यास. गावाच्या भाकरीचे पैसे द्यायचे. फोटो कमी, हिशेब पूर्ण. आणि पंधरा दिवसांनी आपण निघालो की काम कोणाच्या हातात राहणार, त्याचे नाव पहिल्याच दिवशी ठरवायचे. त्या गावातल्या मातंग, चर्मकार आणि ख्रिस्ती घरांत आपण जातो की फक्त आपल्याच विहारात बसतो, यावर आपली परीक्षा होईल.

ताई परवा पुन्हा आली होती. साक्ष दोन कागदांवर लिहून आणली होती. एकावर पहिलाच मजकूर. दुसऱ्यावर पणजोबा, पाणी, शाळा आणि 'मातंग' हा शब्द. म्हणाली, "दादा, कोणता वाचायचा ते अजून ठरलं नाही. दोन्ही बरोबर नेते." आम्ही तिच्यावर दबाव टाकला नाही. ज्या दिवशी दुसरा कागद वाचून तिच्या दाखल्याला आणि नोकरीला धक्का लागणार नाही, त्या दिवशी ती निर्धास्तपणे वाचेल. तो दिवस आणणे हे तिच्या एकटीचे काम नाही, आपले सगळ्यांचे आहे.

वर्गातल्या पोरांना एवढेच सांगणे. तिचे फॉर्म आपण भरले ते धर्मासाठी भरले नाहीत, बहीण म्हणून भरले. ती परत आली की तिला वर्गात बोलवू आणि केनियाचे काय ते ऐकू. त्या दिवशी सगळ्यांनी यायचे.

जय भीम!